खानावळीच्या वहीतला हिशोब

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



गटांच्या बैठकांना जाते तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘ताई, आम्हाला विक्रीची काळजी नाही, सगळा माल एकच जण उचलतो.’ हे सांगणारीच्या चेहऱ्यावर समाधान असतं आणि ते समाधान खोटं नसतं. बाजारात उन्हातान्हात बसावं लागत नाही, दहा जणांशी घासाघीस करावी लागत नाही, घर सांभाळून काम होतं. आणखी काय पाहिजे?

अशाच समाधानावर उभा राहिलेला बायकांचा एक मोठा धंदा आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळींचा. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरच्या डोंगराकडच्या गावांतून आणि खाली कोकणातून ज्यांचे आजोबा, पणजोबा मुंबईला गिरणीत गेले, त्यांतले कितीतरी जण या बायकांच्या हातचं जेवून जगले. त्या खानावळी कशा चालत, कशावर उभ्या होत्या आणि कशामुळे कोसळल्या, ते आज सांगणार आहे. बी.ए.ला मी इतिहास घेतला होता तेव्हा गिरण्यांचा इतिहास वाचला, पण त्यात मालक होते, पुढारी होते, संप होते. चुलीपुढची बाई क्वचितच होती. गटांचं काम करायला लागल्यावर मला तिचा हिशोब जास्त महत्त्वाचा वाटू लागला.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. दोन वर्षांनी ती ताडदेवला सुरू झाली. एकोणिसावं शतक संपेपर्यंत मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या झाल्या. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, वरळी, डिलाईल रोड हा सगळा भाग भोंग्यावर उठायला आणि भोंग्यावर झोपायला लागला. त्याचंच नाव गिरणगाव.

गिरणीत काम करायला माणसं आली ती बहुतेक एकटी. बायको-पोरं, म्हातारे आईवडील, गुरंढोरं, शेताचा तुकडा सगळं गावाकडे. मुंबईत कुटुंब ठेवण्याएवढी जागा नाही आणि पगारही नाही. चाळीतल्या एका खोलीत एकाच गावची दहा-पंधरा माणसं राहायची. एकाची पाळी संपून तो आला की दुसरा उठून कामावर जायचा, त्याच जागेवर पहिला वळकटी पसरायचा. कुलाब्यापासून शिवडीपर्यंत अशा गावकऱ्यांच्या खोल्या होत्या. आता एवढ्या माणसांनी जेवायचं कुठं?

इथं खानावळवाली बाई उभी राहते. कुणाचा नवरा गिरणीत होता पण बदली कामगार, म्हणजे कायम नसलेला. काम मिळेल त्या दिवशीच रोज पडणार. कुणी विधवा. कुणी टाकलेली. आणि काही जणी स्वतःच गिरणीतून बाहेर पडलेल्या. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत तर बायकाच बायका. पण १९११ च्या कारखाना कायद्याने बायकांना रात्रीच्या कामाला बंदी झाली होती. पुढं गिरण्या रात्रपाळीतही चालू लागल्या, नवी यंत्रं आली, आणि बाई ठेवण्यापेक्षा तिन्ही पाळ्यांत चालणारा पुरुष मालकाला सोयीचा वाटू लागला. बायकांची संख्या घटत घटत फार थोडी राहिली. गिरणीतलं काम गेलं, पण गिरणगाव सोडून जाणार कुठं? मग हाताला येत होतं ते काम त्यांनी धरलं. ते म्हणजे स्वयंपाक.

भांडवल काय? एक खोली, एक चूल किंवा रॉकेलचा स्टोव्ह, चार पातेली आणि दोन हात. सकाळी सातच्या पाळीला जाणाऱ्यांसाठी पहाटेच भाकरी थापायला बसायचं. त्यांचे डबे गेले की दुपारच्या पाळीवाल्यांची ताटं. मग रात्रपाळीवाले. मध्ये पाणी भरणं, दळण, निवडणं, भांडी. कोकणातला असेल त्याला भात आणि सुकी मासळी हवी, घाटावरचा असेल त्याला भाकरी आणि झणझणीत कालवण. तिला प्रत्येकाची आवड ठाऊक, प्रत्येकाचं गाव ठाऊक. कुणाला ताप आला तर पेज तीच करून द्यायची. या कामाला ना कारखाना म्हणायचे, ना धंदा. ‘बाई चार माणसांचं जेवण करते’ एवढंच म्हणायचे.

आता तिच्या वहीत डोकावून बघू. आपण गटात जसा जमाखर्च मांडतो तसा.

समजा तिच्याकडे २० माणसं जेवायला आहेत. दिवसाला दोन वेळचं जेवण धरलं तर महिन्याला १,२०० ताटं होतात. गिरणीचा पगार महिन्याने होणार, आणि तोही पुढच्या महिन्यात. १९३६ च्या वेतन कायद्यानं मोठ्या कारखान्यांना दहा तारखेच्या आत पगार देण्याचं बंधन घातलं. म्हणजे पहिल्या तारखेला जेवायला बसलेल्या माणसाचा पैसा तिच्या हातात चाळीस दिवसांनी येणार. तोवर १,६०० ताटं तिनं आपल्या पदरच्या जिवावर वाढायची.

पदरी काही असतं तर ती खानावळ कशाला चालवती? मग ती वाण्याकडे जायची. ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल, मिरची सगळं उधारीवर. उधारीवरचा माल रोखीपेक्षा महाग, आणि हलका असला तरी बोलायची सोय नाही. रॉकेलला, भाड्याला, पोराच्या आजारपणाला रोकड लागली की सावकार. तो महिन्याच्या व्याजानं देणार. पगार झाला की जेवणारे तिला पैसे द्यायचे, ती ते पैसे वाण्याला आणि सावकाराला देऊन मोकळी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उधारीचं पहिलं पान. वर्षानुवर्षं राबून हातात काय उरायचं, तर घरच्या माणसांचं पोट त्याच पातेल्यात भागायचं, तेवढं.

म्हणजे तिचा धंदा दोन खांबांवर उभा होता. मागचा खांब वाणी आणि सावकार. पुढचा खांब तिच्याकडे जेवणारे गिरणी कामगार. मागचा खांब तिला छळत होता, म्हणून तो तिला दिसत होता. पुढच्या खांबाची तिला कधी भीती वाटली नाही. का वाटावी? गिरणीचा भोंगा तिच्या आजेसासूच्या काळापासून वाजत होता. माणसं गावाकडून येतच होती. एक गेला की त्याच गावचा दुसरा त्याच ताटावर बसत होता. गिऱ्हाईक शोधायला तिला कधी उंबऱ्याबाहेर जावं लागलं नाही.

भोंगा मध्ये मध्ये बंद पडायचा. १९२८ साली गिरण्यांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. संपात पगार नाही, पगार नाही तर खानावळीचे पैसे नाहीत. पण संप मिटले, माणसं परत आली, आणि संप हे पावसाळ्यातल्या पुरासारखं संकट आहे, येतं आणि ओसरतं, अशी गिरणगावाची समजूत पक्की होत गेली.

१९७३-७४ च्या सुमाराला असाच ४२ दिवसांचा संप झाला. तेव्हा खानावळवाल्या बायकांनी जेवण बंद केलं नाही. आपला मघाचा हिशोब लावा: २० माणसं, दोन वेळा, ४२ दिवस. १,६८० ताटं, एकही पैसा हातात न येता. कुणी दागिना गहाण टाकला, कुणी भांडी ठेवली. त्या संपामागे पुढारी होते तसं हे जेवणही होतं.

हे एका बाईनं पाहिलं. प्रेमा पुरव. मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात पायाला गोळी लागलेली, नंतर मुंबईत गिरणी कामगारांच्या चळवळीत काम करणाऱ्या. संपाला पोसणाऱ्या या बायका स्वतः मात्र सावकाराच्या दारात उभ्या आहेत, त्यांना कामगार म्हणून कुणी मोजत नाही, हे त्यांना खटकलं. १९७५ साली त्यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. १९७५ म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. आपलं महिला आर्थिक विकास महामंडळ, माविम, तेही त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला स्थापन झालं.

बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालेलं होतं. लहान माणसाला कर्ज द्या, असा बँकांना सरकारचा आग्रह होता. गरिबातल्या गरिबाला ४ टक्के व्याजानं कर्ज देण्याची योजनाही १९७२ पासून होती. पण कागदावरची योजना आणि चाळीतली बाई यांची गाठ कोण घालून देणार? तारण काय, तर काही नाही. सही काय, तर अंगठा. अन्नपूर्णाने ही गाठ घालून दिली. पहिल्यांदा १४ बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं. तारण म्हणून त्यांनी एकमेकींची जबाबदारी घेतली. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्या तिच्या दारात जाणार. बायकांनी कर्ज फेडलं, बँकेचा विश्वास बसला, आणि चौदांच्या पुढे हजारो झाल्या.

मैत्रिणींनो, हे ऐकून तुम्हाला आपलाच गट आठवला असेल. नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग १९९२ साली सुरू केला. त्याच्या सतरा वर्षं आधी गिरणगावातल्या बायकांनी तो करून दाखवला होता. आज आपण बँकेत जाऊन खुर्चीवर बसतो, त्या खुर्चीपर्यंतची वाट या बायकांनी पाडलेली आहे.

त्यानं काय बदललं? मागचा खांब बदलला. रोखीनं माल घेता येऊ लागला, वाण्याशी बोलताना मान वर झाली, सावकाराचं व्याज वाचलं. ही लहान गोष्ट नाही. पण पुढचा खांब? तो होता तसाच राहिला. कर्जानं सावकार बदलतो, गिऱ्हाईक बदलत नाही. खानावळीत जेवायला बसणारा माणूस तोच, गिरणी कामगार. त्याचा पगार तोच, गिरणीचा.

आणि त्याच्या पलीकडे आणखी एक खांब होता, जो खानावळवालीला तिच्या खोलीतून दिसतच नव्हता. ती कामगाराच्या जिवावर, कामगार गिरणीच्या जिवावर. मग गिरणी कशाच्या जिवावर? गिरणी कापडाच्या बाजाराच्या जिवावर. आणि तो बाजार हातातून निसटायला लागलेला होता. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला यंत्रमाग वाढले होते. तिथं मजुरी कमी, कायदे ढिले, कापड स्वस्त. गिरणीतली यंत्रं जुनी झालेली, आणि बरेचसे मालक नफा गिरणीत घालण्याऐवजी दुसरीकडे वळवत होते. गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा मोलाची होत चालली होती. खानावळीच्या वहीत यातलं काही लिहिलेलं नव्हतं. तिथं फक्त वीस नावं होती आणि वीसही नावं जागेवर होती.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठ गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. हाही संप येईल आणि ओसरेल, असं सगळ्यांना वाटलं. एक महिना गेला, दोन गेले. कामगारांनी गावाची वाट धरली. आपल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्या वर्षी मुंबईची माणसं कशी परत आली ते ती सांगतील. गावानं धान्य दिलं, भावकीनं सांभाळून घेतलं. पण खानावळवाली? तिचं गाव कधीच सुटलेलं. तिच्या वहीतली नावं एकेक करून एसटीत बसून निघून गेली आणि त्यांच्या नावापुढची बाकी वहीत राहिली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, वर्ष उलटलं. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी जाहीरही झालं नाही. तो विरत गेला. १९८३ च्या ऑक्टोबरात सरकारनं मुंबईतल्या १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. काही गिरण्या पुन्हा चालू झाल्या, पण कमी माणसांवर. लाखभर कामगारांना परत काम मिळालं नाही. १९९१ नंतर नव्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली. आज लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आहे. तिथंही माणसं जेवतात, पण ताट वाढणारी ती बाई तिथं नाही.

या सगळ्यात खानावळवालीचं काही चुकलं होतं का? तिचं जेवण वाईट नव्हतं, हिशोब खोटा नव्हता, कष्टात कसूर नव्हती, कर्जाचे हप्ते ती भरत होती. तरी धंदा बसला. तो ज्या कारणांनी बसला त्यांतलं एकही कारण तिच्या स्वयंपाकघरात नव्हतं. दुसऱ्यावर विसंबण्यातला धोका हाच असतो. आपण ज्याच्यावर टेकलेलो असतो तो माणूस वाईट निघेलच असं नाही. तो चांगला असतो, पैसे वेळेवर देतो, बाळंतपणाला चोळी-नारळ देतो. पण तोही कुणावर तरी टेकलेला असतो आणि तो कुणी आपल्याला दिसत नाही.

मग सगळ्याच बुडाल्या का? नाही. अन्नपूर्णा मंडळ टिकलं, कारण गिरणी कामगाराशिवाय दुसऱ्याही कुणाला जेवण लागतं हे त्यांनी ओळखलं. ऑफिसांना जेवण पुरवणं, समारंभांची कामं, वाशीला केंद्र, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह अशा दिशांनी त्यांनी हातपाय पसरले. ज्या बायका एकेकट्या होत्या त्यांना हे जमणं फार अवघड होतं. ऑफिसातल्या पन्नास माणसांना जेवण द्यायचं तर मोठी भांडी हवीत, गाडी हवी, बिल लिहिणारी हवी, जाऊन बोलणारी हवी. एकटीला नवं गिऱ्हाईक शोधायला सवड नसते. दहा जणी असतील तर नऊ स्वयंपाक करतात आणि एक शोधायला जाते. गट कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी फक्त कर्जासाठी असं सांगत नाही, ते यासाठी.

मुंबईतल्याच दुसऱ्या एका उद्योगाची तुलना करून बघू. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात गुजराती बायकांनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढं लिज्जत पापड. सुरुवातीला त्याही एका ओळखीच्या व्यापाऱ्यालाच माल देत होत्या. पण तिथंच थांबल्या नाहीत. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. म्हणजे त्यांचा धंदा चक्क उन्हावर विसंबलेला होता! पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह लावायचा. उन्हावरचा भार हलका झाला. मदत म्हणून दान घ्यायचं नाही, लागलं तर कर्ज घ्यायचं आणि फेडायचं, हा नियम त्यांनी सुरुवातीपासून पाळला. १९६२ साली मालाला स्वतःचं नाव दिलं. नाव असल्यामुळे दुकानदार बदलला तरी गिऱ्हाईक ‘लिज्जत द्या’ म्हणून मागू लागलं.

खानावळवालीला हे का करता आलं नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. पापड पाकिटात भरून लांब पाठवता येतो, भाकरी नाही. पापड महिना टिकतो, कालवण संध्याकाळपर्यंत. तिचा दिवस पहाटे सुरू होऊन मध्यरात्री संपत होता. म्हणून मी ‘एकावर विसंबू नका’ एवढं सांगून थांबणार नाही. सांगणं सोपं असतं. सुरुवातीला आपल्याला एकच गिऱ्हाईक मिळतं आणि ते घ्यावंच लागतं. प्रश्न एवढाच, की चांगल्या दिवसांत आपण दुसरं शोधलं का?

आपल्याकडचं उदाहरण सांगते. शाळेत खिचडी शिजवून देणाऱ्या गटांना २०१७-१८ च्या सुमाराला कुणी म्हटलं असतं, की शाळा बंद पडतील, तर हसू आलं असतं. शाळा कधी बंद पडते का? मार्च २०२० मध्ये सगळ्या शाळा एकदम बंद झाल्या. शिजवलेल्या आहाराच्या जागी मुलांना कोरडा शिधा दिला जाऊ लागला आणि चुली थंड राहिल्या. ज्या गटांनी तीच भांडी, तेच हात वापरून लोणची, मसाले, शेवया असं काहीतरी जोडीला धरलेलं होतं, त्यांची थोडीफार आवक चालू राहिली. बाकीच्या वाट बघत बसल्या.

दुसरं उदाहरण एका शेंगदाणा चटणी करणाऱ्या गटाचं. नाव सांगत नाही, व्यापाऱ्याचंही नाही. चार वर्षं शहरातला एक व्यापारी त्यांचा सगळा माल घेत होता. पिशव्या त्याच्या, लेबल त्याचं. नंतर त्याला दुसरीकडे किलोमागे काही रुपये स्वस्त माल मिळाला. त्यानं फसवलं नाही, राहिलेले पैसे चुकते केले आणि यायचा बंद झाला. चार वर्षं शहरातली माणसं या बायकांच्या हातची चटणी आवडीनं खात होती, पण त्या कोण हे एकालाही ठाऊक नव्हतं. चटणीची चव त्यांची, पण ओळख त्याची.

आणि विसंबणं फक्त गिऱ्हाइकावरच असतं असं नाही. वर्षातून एकदा लागणाऱ्या प्रदर्शनावर काही गट वर्षभराची विक्री टाकतात. काही गटांचा सगळा कागद एकाच शिकलेल्या सुनेकडे असतो. ती नवऱ्याच्या बदलीबरोबर गेली की गटाची वही उघडत नाही. आणि काही गट माझ्यावर विसंबलेले आहेत, हेही सांगते. ऑर्डर मीच आणायची, बँकेच्या साहेबांशी मीच बोलायचं, दर मीच ठरवायचा. मी पगारी बाई आहे. आज या तालुक्यात आहे, उद्या दुसरीकडे असेन किंवा प्रकल्पच संपेल. मी नसताना तुमचा महिना कसा जाईल, हे मी असतानाच करून बघायला पाहिजे.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत एक काम करा. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते झाले की वहीचं एक कोरं पान काढा. त्याचे तीन भाग पाडा. पहिल्या भागात लिहा, कच्चा माल कुणाकुणाकडून येतो. दुसऱ्या भागात, तयार माल कुणाकुणाकडे जातो आणि शंभर रुपयांतले किती रुपये कुणाकडून येतात. तिसऱ्या भागात लिहा, आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक स्वतः कुणाला विकतं. हा तिसरा भाग भरायला अवघड जाईल. विचारा त्याला. चहाला बसला की विचारा, दादा, तुमचा माल कुठं जातो, यंदा कसं चाललंय? खानावळवालीला हे विचारायला सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी तिला उत्तर देणारं कुणी नव्हतं. आपल्या हातात फोन आहे, गावात एसटी आहे, पाठीशी ग्रामसंघ आहे.

दुसऱ्या भागात एकच नाव आलं तर घाबरू नका आणि त्या माणसाशी भांडूही नका. त्याचा माल वेळेवर द्या. फक्त शंभरातला दहाचा माल बाजूला काढा आणि तो स्वतःच्या नावानं दुसरीकडे विकून बघा. आठवडी बाजारात, लग्नाघरी, शाळेच्या शिक्षकांना, पुण्या-मुंबईला असलेल्या आपल्याच माणसांना. पहिले काही महिने त्यात कटकट जास्त आणि पैसा कमी दिसेल. दर कमी मिळाला, पिशवी फाटली, उधारी राहिली, असं सगळं होईल. तो खर्च शिकण्याचा आहे, तसा तो वहीत लिहा. दहाचे वीस व्हायला वर्ष लागलं तरी चालेल.

आणि ते पान फाडू नका. दर सहा महिन्यांनी उघडून बघा, नावं वाढली का. पुढच्या महिन्यात मी तुमच्या गावात येईन तेव्हा बचतीच्या वहीच्या आधी ते पान मागणार आहे.